चेंडूवर लिहिलेलं साल

जुन्या कॉलेजांच्या जिन्यात किंवा जिमखान्याच्या खोलीत एका ठराविक घाटणीचा फोटो टांगलेला असतो. मागे उभी एक रांग, मधे खुर्च्यांवर प्राचार्य, क्रीडाशिक्षक आणि कप्तान, पुढे सतरंजीवर मांडी घातलेली पोरं. सगळ्यांचे हात छातीशी बांधलेले. चेहऱ्यांवर फोटोवाल्याने ‘हलू नका’ म्हटल्यावर येतो तो करारीपणा. पुढच्या रांगेच्या मधोमध एक फुटबॉल असतो आणि त्यावर पांढऱ्या रंगात साल लिहिलेलं असतं. काळाच्या ओघात चेहरे पिवळे पडतात, खालच्या पट्टीवरची नावं पुसट होतात, चेंडूवरचं साल तेवढं ठसठशीत राहतं. जणू त्या दिवशी फोटो काढला होता तो त्या सालाचाच. पोरं नुसती सोबतीला बसली होती.

असे फोटो दिसले की मी नकळत युद्धाची सालं शोधू लागतो. १९३९ ते १९४५. जग पेटलेलं असताना कोण खेळत होतं, कसं खेळत होतं आणि खेळताना त्यांच्या मनात काय होतं, हा प्रश्न मला सोडत नाही. जळगाव-धुळ्याकडे मात्र हा शोध दारातच थांबतो. कॉलेजच्या संघाचा, ‘१९४२’ लिहिलेला चेंडू इथे सापडणार नाही. कारण साधं आहे. तेव्हा इथे कॉलेजच नव्हतं. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही दोन्ही महाविद्यालयं सुरू झाली १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता. तोवर शिकू पाहणाऱ्या धुळ्याच्या मुलाने फाट्याच्या गाडीने चाळीसगाव गाठायचं आणि तिथून पुढे नाशिक, पुणे किंवा मुंबईचा रस्ता धरायचा.

म्हणजे मी जो फोटो शोधतो आहे तो काढलाच गेला नाही. पण न काढलेल्या फोटोलाही एक चौकट असते. या लेखात ती चौकट चाचपून पाहायची आहे.

खेळाच्या वर्षाला आपण ‘हंगाम’ म्हणतो. खानदेशात हंगाम म्हटलं की आधी कापूस आठवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटायला लागतात, वेचणीला बाया शेतात उतरतात, जिनांवर बैलगाड्यांची रांग लागते, रुई वेगळी, सरकी वेगळी, मग गाठी बांधल्या जातात. गावातली उधारी, सोयरीक, घराचं छप्पर, मुलाची फी, सगळं ‘हंगामावर’ सोपवलेलं असतं. शब्द फारसीतून आला. तिथे ‘हंगाम’ म्हणजे वेळ, ऋतू. आणि त्याच घरातला ‘हंगामा’ म्हणजे गर्दी, गलका, दंगा. मराठीने दोघांनाही ठेवून घेतलं आणि त्यांच्या पोटी आणखी एक शब्द जन्माला घातला: हंगामी. हंगामी नोकर, हंगामी व्यवस्था. म्हणजे आज आहे, उद्या नाही. एकाच धातूची ही तीन नाणी आहेत. परत येतं ते, टिकत नाही ते, आणि उधळून लावतं ते.

शेतकऱ्याला हंगाम बुडण्याचं दुःख ठाऊक असतं, पण त्या दुःखाला एक तळ असतो. यंदा बोंडअळीने खाल्लं, पुढच्या मिरगाला पुन्हा पेरू. हंगाम या शब्दातच ‘पुन्हा’ दडलेला आहे. खेळाडूचंही तसंच. हरलेला कप्तान मैदानातून परतताना पुढच्या वर्षीचं बोलतो आणि ते कोणालाही पोकळ वाटत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आठ-पंधरा दिवसांनी लेकी परत जातात. पण पुढच्या आखाजीला येणारच, म्हणून निरोप सोसवतो. युद्ध घाला घालतं ते नेमकं या ‘पुन्हा’वर. पोरं पाठवली जातात, आणि पुढच्या हंगामात रांगेतल्या किती जागा रिकाम्या असतील ते कोणी सांगू शकत नाही.

इंग्लंडचा गोलंदाज हेडली व्हेरिटी आपल्याकडे १९३३-३४ च्या दौऱ्यात येऊन गेला होता. १ सप्टेंबर १९३९ रोजी, हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं त्याच दिवशी, त्याने होव्ह इथे ससेक्सचे सात गडी नऊ धावांत बाद केले. त्याच्या आयुष्यातला हा अखेरचा काउंटी सामना ठरला. ३१ जुलै १९४३ रोजी इटलीत, शत्रूच्या कैदेत, जखमांनी तो गेला. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. तिथे कॉलेजचा संघ ही गावाची अब्रू असते. आयोवा विद्यापीठाचा नाइल किनिक १९३९ साली तिथला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला आणि २ जून १९४३ ला नौदलाच्या सरावाच्या उड्डाणात समुद्रात बुडाला. १९४२ चा ‘रोझ बोल’ हा कॉलेजांचा मानाचा सामना पर्ल हार्बरनंतर कॅलिफोर्नियाचा किनारा सोडून थेट पलीकडच्या टोकाला, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला न्यावा लागला. ओरेगन स्टेटने ड्यूकला २०-१६ असं हरवलं. सामना झाला, निकाल लागला, आणि मग दोन्ही बाजूंची पोरं एकाच बाजूने लढायला गेली.

आपल्याकडे चित्र निराळं होतं. युद्ध आपलं नव्हतं, तरी आपल्यावर लादलेलं होतं. आणि खेळ थांबला नव्हता. उलट ‘महाराष्ट्र’ या नावाने खेळणाऱ्या संघाचे सर्वांत वैभवाचे दोन हंगाम ऐन युद्धातले आहेत. १९३९-४० आणि १९४०-४१, लागोपाठ दोनदा रणजी करंडक. त्यानंतर आजवर तो महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला नाही. कप्तान होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे. पहिल्या हंगामात विजय हजाऱ्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. दुसऱ्या हंगामात मुंबईशी गाठ पडली, तेव्हा महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या आणि मुंबईने जवळजवळ त्या गाठल्याच. डाव ६५० वर संपला. पंचवीस धावांच्या आघाडीवर सामन्याचा फैसला झाला. देवधरांनी त्यात २४६ केल्या, पन्नाशी हाकेच्या अंतरावर असताना. पुढे १९४४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतकं काढली. १९९३ मध्ये गेले तेव्हा ते शंभरी ओलांडून दीड वर्षं पुढे आले होते.

यातली एक गोष्ट मला चटका लावते. तेव्हा नकाशावर महाराष्ट्र नव्हता. होता तो मुंबई इलाखा. जळगाव त्यात पूर्व खानदेशाचं ठाणं आणि धुळे पश्चिम खानदेशाचं. बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी उठायला १९४६ उजाडायचं होतं, राज्य व्हायला १९६०. धावफलकावर मात्र ‘महाराष्ट्र’ हे नाव आधीच झळकत होतं, आणि त्याच्यासमोर ‘मुंबई’ हा वेगळा संघ होता. राजकारणाला जे नाव उच्चारायला दोन दशकं लागली ते खेळाने आधीच उच्चारून ठेवलं. जळगाव-धुळ्याची पोरं क्रिकेटपुरती आजही त्याच महाराष्ट्राची आहेत. खेळ कधीकधी उद्याच्या गोष्टी आज करून बघतो, मुलं भातुकलीत संसार करून बघतात तसा.

संस्कृतच्या प्राध्यापकाने ‘रणजी’ जिंकावा, यातही गंमत आहे. करंडकाला नाव मिळालं रणजितसिंहजींचं. रणजित म्हणजे रण जिंकणारा. पण ‘रण’ या शब्दाच्या मुळाशी गेलं की पाय अडखळतो. ऋग्वेदात ‘रण’ म्हणजे आनंद, रमणं. लढाई हा अर्थ त्याला नंतर चिकटला. ज्यात वीराचं मन रमतं ते रण. म्हणजे एके काळी आनंदाला आणि युद्धाला या भाषेत एकच घर होतं. ‘रंग’ आणि ‘रण’ यांत अंतरही किती थोडं. रंगभूमीवर मेलेला नट पडदा पडल्यावर उठतो आणि चेहऱ्याचा रंग पुसतो. रणभूमीवर पडदा पडत नाही.

आपल्या महाकाव्याने हे नातं उलट्या बाजूने सांगितलं आहे. महाभारतात युद्ध आधी येत नाही, खेळ आधी येतो. सभेत सारीपाट मांडला जातो, पैजा लावल्या जातात, राज्य जातं, भाऊ जातात, स्वतः धर्मराज जातो, शेवटी द्रौपदी पणाला लागते. खेळ तिथेच मोडतो. पटावरची वस्तू पटाबाहेरच्या जीवनाला शिवली की तो खेळ राहत नाही. त्याचं व्याज पुढे कुरुक्षेत्रावर फेडावं लागतं. आणि गंमत अशी की कुरुक्षेत्रावर जमल्यावर तेच लोक खेळासारखे नियम ठरवतात: सूर्यास्ताला थांबायचं, रथीने रथीशीच लढायचं, पळणाऱ्याला मारायचं नाही. अठरा दिवसांत एकेक नियम तुटत गेला. अभिमन्यूला कितीजणांनी घेरलं ते पोरंसोरंही सांगतात.

डच इतिहासकार योहान हुइझिंगा याने १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ हा ग्रंथ लिहिला. संस्कृती खेळातून उगवते असं त्याचं म्हणणं. खेळाला आखलेली हद्द असते, ठरलेली वेळ असते, स्वेच्छेने मानलेले नियम असतात. न्यायालय, काव्य, पूजाविधी, इतकंच नव्हे तर जुन्या काळचं युद्धसुद्धा याच गुणांवर उभं होतं. पण शत्रूला माणूसच मानायचं नाही असं ठरवून जेव्हा सर्वंकष युद्ध होतं, तेव्हा त्यातला खेळाचा अंश मरतो आणि त्याबरोबर संस्कृतीही. हे लिहिल्यावर चारच वर्षांनी, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, नाझींनी त्याला ओलीस म्हणून डांबलं. सुटला तरी आपल्या गावी, लायडनला, त्याला परतू दिलं नाही. हॉलंड मुक्त होण्याआधीच, १ फेब्रुवारी १९४५ ला तो गेला.

ऑगस्ट १९४२. हा महिना आपल्या ओळखीचा आहे.

९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत नेत्यांची धरपकड झाली आणि सकाळी गोवालिया टँकच्या मैदानावर अरुणा असफ अली यांनी तिरंगा फडकवला. मैदान हेही फारसीतून आलेलं. कुस्तीचं मैदान, मैदान मारणं, मैदान सोडणं. ज्या मोकळ्या जागेत एरवी पोरांनी खेळावं, तिथे त्या सकाळी अश्रुधूर होता. त्याच तारखेला हजारो मैलांवर, जर्मनांनी व्यापलेल्या कीव शहरात, एका बेकरीत कामाला लागलेल्या जुन्या फुटबॉलपटूंचा ‘स्टार्ट’ नावाचा संघ जर्मन विमानविरोधी तोफखान्याच्या संघाशी खेळत होता. त्यांनी ५-३ ने सामना जिंकला. पुढे सोव्हिएत दंतकथेने सांगितलं की जिंकल्याबरोबर त्यांना ओळीने उभं करून गोळ्या घातल्या. तसं झालं नाही. पण थोड्या दिवसांनी त्यांतल्या अनेकांना अटक झाली, एकाचा कोठडीत अंत झाला आणि तिघांना १९४३ च्या फेब्रुवारीत छळछावणीत ठार केलं गेलं. दंतकथेला घाई असते. वास्तवाला ती नसते, म्हणून ते जास्त निर्दय वाटतं.

या दोन मैदानांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाच तारखेखाली ती आली एवढंच. पण चेंडूवर साल लिहिणाऱ्या माणसाला तारखांचा असा मेळ विसरता येत नाही.

खानदेशात मुंबईतल्या त्या सकाळचं वारं पोचायला वेळ लागला नाही. इथली जमीन आधीच नांगरलेली होती. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं होतं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी शिकवलं होतं, तिथल्या छात्रालयात मुलांची अंथरुणं आवरून दिली होती. १९३० मध्ये ते शाळा सोडून तुरुंगाच्या वाटेला लागले. आणि त्याहून खोल एक नांगरट झाली होती ती धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार, दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय, बोलणारे विनोबा आणि टिपून घेणारे साने गुरुजी. समोर कैदी. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं धुळ्याच्या भिंतींआड जन्मलं.

धुळ्याच्या त्या तुरुंगावरून जाताना मला विवेकानंदांचं एक म्हणणं आठवतं. १८९७ मध्ये मद्रासच्या व्याख्यानात त्यांनी तरुणांना सांगितलं होतं की गीता वाचण्यापेक्षा फुटबॉल खेळून तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल. हे वाक्य पुष्कळदा चेष्टेवारी फेकलं जातं, पण त्यामागे त्यांचा युक्तिवाद होता: दंडात बळ आलं तर गीता अधिक चांगली कळेल. म्हणजे त्यांनी फुटबॉल गीतेच्या विरोधात उभा केला नव्हता, उंबऱ्याशी ठेवला होता. गीतेचा पहिला शब्दच मुळी क्षेत्राचा आहे आणि तेराव्या अध्यायात देहालाच क्षेत्र म्हटलं आहे. तेराव्या रविवारी, बाहेर मे महिन्याचं खानदेशी ऊन तापलेलं असताना, कोंडलेल्या माणसांपुढे विनोबा या क्षेत्राविषयी बोलत होते. मैदान हिरावून घेतलेल्या माणसाला उरलेलं अखेरचं मैदान म्हणजे हा साडेतीन हातांचा देह. त्यावर कोणाची सत्ता चालते, हा खरा सामना.

आता पुन्हा पोरांकडे येऊ. कॉलेजची फुटबॉलची अकरा पोरं इथे नव्हती, पण पोरं खेळत होतीच. विटी-दांडू, आट्यापाट्या, खो-खो, हुतुतू. हे खेळ इतके आपले की संतांनी त्यांच्यावर अभंग रचले. चेंडूफळी खेळणारा कान्हाही यातलाच, आणि खानदेश म्हणजे मुळात कान्हदेश, अशी या नावाची एक व्युत्पत्ती इथले अहिराणी बोलणारे मोठ्या हौसेने सांगतात. याच कापसाच्या पट्ट्यात पूर्वेला असलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला, हिटलरच्या ऑलिंपिकच्या वेळी, देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्यांत हुतुतूही होता.

हुतुतूची भाषा ऐकण्यासारखी आहे. चढाई करायची, दम धरायचा, पकडलं गेलं की ‘मेला’. मेलेल्याने हद्दीबाहेर बसायचं. पण जुन्या खेळाचा एक प्रकार होता, संजीवनी. त्यात समोरचा एक गडी मेला की आपला एक मेलेला गडी उठून, मातीने भरलेली चड्डी झटकत, पुन्हा आत येतो. ‘जिवंत झाला’ म्हणतात. दहा वर्षांचं पोर एका संध्याकाळी पाच वेळा मरतं, पाच वेळा जिवंत होतं आणि दिवेलागणीला आईची हाक आली की घरी जेवायला जातं. खेळाचं सगळं तत्त्वज्ञान या एका नियमात आहे असं मला वाटतं. हद्द, वेळ, नियम हे हुइझिंगाने सांगितलंच. पण या सगळ्यांच्या तळाशी एक करार आहे. जो बाद झाला तो परत येईल. या डावात नाही तर पुढच्या डावात, यंदा नाही तर पुढच्या हंगामात. मरण हा शब्द वापरायचा आणि त्यातलं मरण काढून घ्यायचं, ही माणसाने स्वतःला दिलेली केवढी मोठी सवलत आहे.

नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, मुंबईच्या त्या सकाळनंतर बरोबर एका महिन्याने, शाळकरी मुलांची मिरवणूक झेंडे घेऊन निघाली. पोलिसांनी अडवलं, मुलं हटली नाहीत, गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शाह. पाच जण गेले. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा; सोळावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

या प्रसंगाला खेळाची उपमा देण्याचा मोह होतो. झेंडा हातोहात पुढे नेणारी पोरं, समोर रेषा आखून उभे असलेले शिपाई. तो मोह आवरायला हवा. रेषेच्या पलीकडच्या माणसाच्या हातात बंदूक असेल तर तो सामना नव्हे. संजीवनीचा नियम तिथे लागू नव्हता. पण असंही वाटतं, की ज्या पोराने शेकडो संध्याकाळी ‘मेला’ ऐकलं आणि जो हसत उठून परत आत गेला, त्याच्या अंगात एक निर्भयता मुरलेली असणार. पुढे जायचं असतं, हद्द ओलांडायची असते, दम सोडायचा नसतो, हे त्याच्या पायांना ठाऊक होतं. समोरच्यांनी मात्र खेळाचा करार मानला नाही.

पुढची दोन वर्षं खानदेशात धामधुमीची गेली. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा साडेपाच लाखांचा सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ लुटला गेला. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आणि खानदेशातले कार्यकर्ते यांची ही जुळवाजुळव. त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. दारूगोळा आणि कापसाच्या गाठी त्या जहाजात शेजारी शेजारी भरल्या होत्या. ज्या कापसावर खानदेशाचा हंगाम उभा, तोच कापूस धुमसत राहिला आणि मुंबईवर जळत्या तुकड्यांचा पाऊस पडला. हंगामाचा हंगामा झाला तो असा, शब्दशः.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता कामा नये. अशा काळात खेळावं का? १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी मुंबईच्या पंचरंगी सामन्यांबद्दल विचारायला गांधीजींकडे गेली होती. युरोपात माणसं मरताहेत, इथे सत्याग्रही तुरुंगात आहेत, तेव्हा हे सामने होऊ नयेत असं वाटणाऱ्यांच्या बाजूचे आपण आहोत असं त्यांनी सांगितलं. शिवाय धर्माधर्मांचे संघ करून खेळणं त्यांना मुळातच पटलेलं नव्हतं. १९४२ मध्ये ते सामने झाले नाहीत. १९४३ मध्ये पुन्हा झाले. त्या हंगामात हिंदू संघाकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५०, आणि उलट बाजूने हजाऱ्यांनी संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ केल्या. मराठी माणूस अजून या डावाबद्दल बोलताना हात जोडतो. त्याच वर्षी बंगालात माणसं भुकेने रस्त्यावर मरत होती.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. मला गांधीजींचा आक्षेप त्या सामन्यांपुरता मान्य आहे. धर्माच्या नावाने मांडलेला डाव पटाबाहेर सांडतोच, हे सभापर्वापासून आपण पाहत आलो आहोत. पण खेळच थांबवावा, हे मात्र पटत नाही. युद्धाच्या काळात खेळणं म्हणजे युद्ध विसरणं असतं, असं नाही. कधी ते युद्धाने मोडलेला करार आपल्यापुरता पाळून दाखवणं असतं. बावन्नाव्या वर्षी देवधर पुन्हा बॅट घेऊन उतरतात तेव्हा धावांपेक्षा मोठं काहीतरी घडतं: बाद झालेला माणूस परत आलेला असतो. कीवच्या बेकरीतले कामगार भरपेट जेवलेले नसताना मैदानात उतरले, ते गोल मोजायला नव्हे. अजून नियम आहेत, अजून रेषा आहेत, समोरचाही त्या रेषेने बांधलेला आहे, असं नव्वद मिनिटं तरी जगून बघायला.

आणि म्हणूनच खेळाचा मोठेपणा विजयात शोधणं मला व्यर्थ वाटतं. समाज आपल्या पोरांना ‘पुढच्या हंगामात बघू’ असं खात्रीने म्हणू शकतो की नाही, यावर त्याची शांतता ओळखावी. जिथे तसं म्हणता येत नाही तिथे तोफा वाजत नसल्या तरी युद्धच चालू असतं. कापसाच्या कर्जाने वाकलेल्या घरात बापाला पुढच्या मिरगाबद्दल बोलता येत नाही, तेव्हा तिथेही हाच करार मोडलेला असतो. हे खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

जळगावच्या सागर पार्कवर सकाळी पोरं खेळतात. चार-पाच सामने एकाच वेळी, एकमेकांच्या हद्दीत घुसलेले. याचा चेंडू त्याच्या यष्टीवर, त्याचा फुटबॉल याच्या खेळपट्टीवर. कोण बाद, कोण नाही यावर आरडाओरड. बाद झालेला पोरगा बॅट टाकून रुसतो, कडेला जाऊन बसतो आणि दहा मिनिटांनी काहीच न घडल्यासारखा क्षेत्ररक्षणाला उभा राहतो. त्याला आपण काय पाळतो आहोत याची कल्पनाही नसते.

१९४५ मध्ये जळगावला आणि अमळनेरला कॉलेजं सुरू झाली. पहिल्या वर्गांना पोरं आली, कालांतराने मैदानं आखली गेली, संघ झाले, चेंडूवर सालं लिहिली गेली, फोटो निघाले. नंदुरबारहून अमळनेर ताप्ती खोऱ्याच्या गाडीने काही तासांचं अंतर. शिरीषकुमार मेहता त्या जूनमध्ये अठरा वर्षांचा असता.